संध्याकाळी सातनंतर गेम का अडखळतो?

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम, परंडा. जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी आज गेमिंग पीसी सापडतो. कुणी सोलापुरातून पार्ट जुळवून आणलेला, कुणी पुण्यात नोकरीला असलेल्या भावाने पाठवलेला, कुणी सोयाबीनच्या पट्टीतून घेतलेला. त्याच्यावर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ चालतात आणि त्याच्यावरच लग्नाचे व्हिडिओ एडिट होतात, थ्रीडीचं काम शिकलं जातं, ऑनलाइन क्लास होतात. मार्च सरला की या मशीनबद्दल एकसारख्या तक्रारी सुरू होतात. गेम लॅग मारतो. एफपीएस पडतो. स्क्रीन मध्येच काळी होऊन परत येते, नाहीतर सारखी लुकलुकते.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो विंडोज नव्याने टाकण्याचा आणि दुसरा नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याचा. बिघाड कुठे आहे हे न शोधताच दिलेले हे सल्ले पुष्कळदा वाया जातात. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ थंड खोलीत आणि स्थिर विजेवर चालणारं मशीन डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात, म्हणून ते ड्रायव्हरपासून सुरुवात करतात. आपल्याकडे क्रम वेगळा ठेवावा लागतो. आधी उष्णता, धूळ आणि वीज. मग मॉनिटर आणि केबल. मग ड्रायव्हर आणि विंडोज. पार्ट बदलणं सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन गोष्टी तपासायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि इकडच्या हवामानात निम्मं उत्तर तिथेच मिळण्याची शक्यता असते.

तक्रार नेमकी कोणती?

"लॅग मारतो" या एका वाक्यात तीन वेगवेगळे बिघाड सांगितले जातात. ते आधी वेगळे करा.

पहिला, फ्रेम कमी पडणं. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर एक चित्र तयार करायला कॉम्प्युटरला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झवर जेमतेम ६.९. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड दमलं की हे वेळापत्रक कोलमडतं आणि एफपीएसचा आकडा खाली येतो.

दुसरा, झटके. इथे सरासरी एफपीएस चांगला दिसतो, पण मधलंच एखादं चित्र ५० किंवा १०० मिलिसेकंद घेतं आणि खेळ अडखळतो. याचं मूळ बहुधा रॅम, डिस्क किंवा शेडरमध्ये असतं. नवा गेम किंवा नवा ड्रायव्हर टाकल्यावर पहिल्या काही मॅचमध्ये येणारे झटके शेडर तयार होत असल्यामुळे येतात आणि आपोआप थांबतात.

तिसरा, नेटचा उशीर. एफपीएस १४० वर स्थिर आहे आणि पिंग ३० वरून २०० वर उड्या मारतोय, तर कॉम्प्युटरला हात लावायची गरज नाही. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे धाराशिवहून मुंबईला जाऊन परत यायला केबलमध्ये चार-पाच मिलिसेकंद पुरतात. त्यावरचा उशीर वायफाय, मोबाइल हॉटस्पॉट आणि वाटेतल्या गर्दीचा असतो. आधी आपल्याच राउटरला पिंग करून पाहा. तिथेच आकडा नाचत असेल तर दोष घरातल्या वायफायचा. राउटरपासून लॅनची वायर टाका.

चौथी तक्रार स्क्रीनची, ती पुढे स्वतंत्र घेतली आहे.

सातनंतरचं कोडं

सकाळी मशीन झकास चालतं आणि संध्याकाळी सात ते अकरा त्रास देतं, ही उन्हाळ्यातली नेहमीची तक्रार. कोडं अवघड होतं ते एकाच वेळी तीन कारणं जमून आल्यामुळे. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी आपली उष्णता खोलीत सोडू लागतो. त्याच वेळी गावभर दिवे, पंखे, कूलर, टीव्ही चालू होतात आणि डीपीवर भार वाढून व्होल्टेज उतरतं. आणि नेटवरची गर्दीही त्याच तासांत सगळ्यात जास्त असते.

यातलं कारण कोणतं हे अंदाजाने ठरवू नका, तीन आकडे टिपून ठेवा. चिपचं तापमान, सॉकेटमधलं व्होल्टेज आणि पिंग. सकाळी एकदा आणि रात्री साडेआठला एकदा, तोच गेम, तीच सेटिंग, वीस मिनिटं. कोणता आकडा बिघडला ते वहीत शेजारी शेजारी लिहिलं की निदान बहुतेक झालेलं असतं.

तापमानासाठी एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. खेळतानाच कोपऱ्यात आकडे दिसायला हवे असतील तर एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर वापरा. एमएसआय आफ्टरबर्नर चालायला कार्ड एमएसआयचंच असावं लागत नाही.

उष्णता: चिप स्वतःला वाचवते

प्रोसेसर फार तापला की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेची ९५. एनव्हीडियाची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास पोचली की आपला वेग हळूहळू उतरवायला लागतात. गेम मंद होतो तो बिघाडामुळे असं नाही. चिप आपला जीव वाचवत असते.

इथला हिशोब सोपा आहे. पंख्यांचा वेग तोच असेल तर खोलीची हवा जितके अंश चढते, साधारण तितकेच अंश चिपचं तापमान चढतं. पुण्यात एसीच्या २६ अंशांत ७२ वर चालणारा प्रोसेसर, मे महिन्यात ४१ अंशांच्या खोलीत ८७ वर जातो. त्यात हीटसिंकवर धूळ बसली असेल तर मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. तेच मशीन, तोच गेम. फरक फक्त खोलीचा.

आधी एक साधी चाचणी करा. कॅबिनेटची बाजूची काच किंवा पत्रा काढा आणि वीस मिनिटं खेळा. तापमान सात-आठ अंशांनी उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही हे सिद्ध झालं. समोर सलग काच आणि आत रंगीत दिव्यांचे पंखे असलेल्या स्वस्त कॅबिनेटचा हा नेहमीचा दोष आहे. पंखे हवा ओढायला बघतात आणि पुढून हवा यायला वाटच नसते.

उपाय बहुतेक बिनखर्चाचे आहेत. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. फरशीवर ठेवू नका, स्टुलावर किंवा पाटावर ठेवा. गेममध्ये एफपीएसला मॉनिटरच्या हर्ट्झइतकी मर्यादा घाला. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर १८० एफपीएस काढण्यात कार्ड फुकट तापतं. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० ते ८५ टक्क्यांवर आणलं तर तापमान चांगलं उतरतं आणि खेळताना फरक क्वचितच जाणवतो. उन्हाळ्याचे तीन महिने असं ठेवायला काहीच हरकत नाही.

कूलरचं काय? आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्याचा कूलर खोली चांगली थंड करतो आणि त्याचा कॉम्प्युटरलाही फायदा होतो. मात्र झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार उडाले तर त्यातले क्षार बोर्डवर बसतात. खिडकी थोडी उघडी ठेवा आणि कॅबिनेट झोताच्या बाजूला असू द्या. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा साधा पंखाच बरा.

धूळ: रास झाली की कॅबिनेट उघडा

सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की मळणी यंत्राचा भुसा गावभर उडतो. पुढे तुरीची, ज्वारीची, हरभऱ्याची रास. सोलापूर-धुळे आणि सोलापूर-हैदराबाद महामार्गांलगतच्या घरांत वर्षभर रस्त्याची धूळ असते. जुन्या माळवदाच्या घरात हवा थंड राहते ही मोठी सोय, पण वरून माती झडते आणि ती थेट वरच्या पंख्याच्या जाळीत पडते. धूळ नुसती असती तर उडूनही गेली असती. भुशाचे बारीक तंतू तिला धरून ठेवतात. वर्षभर न उघडलेल्या मशीनमध्ये प्रोसेसरचा पंखा काढून बघा. पंखा आणि हीटसिंक यांच्या मध्ये घोंगडीसारखा राखाडी थर बसलेला असतो. पंखा पूर्ण वेगाने गरगरतो, आवाज करतो, आणि हवा मात्र हीटसिंकच्या पात्यांपर्यंत पोचतच नाही.

सफाई अशी करा. मशीन बंद करून वायर काढा, मग पॉवरचं बटन चार-पाच सेकंद दाबून उरलेली वीज उतरवा. कॅबिनेट अंगणात किंवा गॅलरीत न्या. हाताच्या ब्लोअरने आतून बाहेर हवा मारा आणि मारताना प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा; मोकळा सोडलेला पंखा हवेने अतिवेगाने फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. चिकटलेली धूळ मऊ ब्रशने काढा. बाहेरच्या जाळ्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून बसवा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डला लावू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. पंक्चरच्या दुकानातली हवा तर मुळीच वापरू नका. त्या टाकीत पाणी साचतं, दाबही फार असतो, आणि हवेबरोबर पाणी बोर्डवर उडतं. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा मात्र उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज राहतं.

मशीन दोन-तीन वर्षांचं झालं असेल आणि सफाईनंतरही तापमान उतरत नसेल तर थर्मल पेस्ट बदलायची वेळ झाली. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध छोटा ठिपका द्या आणि हीटसिंक समान दाबाने कसा. वर्षातून दोनदा, सोयाबीनची रास उरकल्यावर आणि उन्हाळा लागायच्या आधी, एवढी सफाई पुरते.

वीज: बोर्डातली तपासणी

घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो आणि नियमाप्रमाणे त्यात सहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. लाइनच्या टोकाला असलेल्या गल्लीत किंवा शेतातल्या वस्तीवर रात्री मीटर याहून बराच खाली दिसू शकतो. शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह क्षणभर ओढते; तेवढ्या क्षणात बल्ब मंद होतो आणि पीसीची स्क्रीन काळी होते.

मग मॉनिटर का टिकतो आणि पीसी का बंद पडतो? उत्तर लेबलवर लिहिलेलं असतं. बहुतेक मॉनिटर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना १८० ची फिकीर नसते. एसएमपीएसचं लेबल मात्र वाचा. त्यावर २०० ते २४० असं छापलं असेल आणि तुमच्याकडे रात्री १८० येत असतील, तर तो एसएमपीएस आपल्या हद्दीबाहेर काम करतोय. कार्डावर भार आला की मशीन रीस्टार्ट होणं हे त्याचं ठरलेलं लक्षण. पुढच्या वेळी १०० ते २४० व्होल्टचा, नावाजलेल्या कंपनीचा आणि ८० प्लस प्रमाणपत्राचा एसएमपीएस घ्या. आरटीएक्स ३०६० सारखं कार्ड एकटं १७० वॉट घेतं आणि एनव्हीडिया त्यासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ते चालवू नका.

वायरमनला बोलावून कॉम्प्युटरच्या सॉकेटमध्ये तीन मापं घ्यायला सांगा. फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी यायला हवीत आणि तिसरं एक-दोन व्होल्टच्या आसपास. फेज ते अर्थ खूप कमी येत असेल किंवा आकडा हलत असेल तर अर्थिंग मेलेलं आहे.

अर्थिंग नसल्याची खूण सगळ्यांनी अनुभवलेली असते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात आणि टेस्टर टेकवला की पेटतो. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थच्या पिनकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग जिवंत असेल तर त्यांतून येणारा बारीक प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर सगळं कॅबिनेट ११० व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. अशा अवस्थेत टीव्ही किंवा मॉनिटरची एचडीएमआय केबल जोडताना ठिणगी उडून पोर्ट जाऊ शकतो, आणि स्क्रीन लुकलुकण्यालाही हेच कारण होऊ शकतं. काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते. मुरमाड जमिनीत तर ओल टिकतच नाही. मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात नेमाने पाणी घाला. तीन पिनांची वायर दोन पिनांच्या बोर्डात बसवायला पिन मोडू नका.

एक धोका वेगळा सांगायला हवा. घरातले काही दिवे अचानक प्रखर झाले, पंखे जोरात पळू लागले, तर न्यूट्रल सुटलेला असण्याची शक्यता आहे. तेव्हा व्होल्टेज ३०० च्या वरही जाऊ शकतं. लगेच मेन स्विच बंद करा आणि महावितरणच्या १९१२ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. त्या वेळी गेम सेव्ह करत बसू नका.

यूपीएस, इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर

दुकानात हमखास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॉट देतो. कार्डाचे १७०, प्रोसेसरचे ८०-९०, बोर्ड-पंखे-डिस्कचे ५०, मॉनिटरचे ३०. बेरीज ३४० च्या घरात, यूपीएसच्या मर्यादेच्या अगदी काठावर जाते. म्हणजे लाईट गेल्याच्या क्षणी गेम चालू असेल तर यूपीएस ओव्हरलोड होऊन किंचाळू शकतो आणि सगळंच बंद पडू शकतं. अशा मशीनला १००० व्हीए, ६०० वॉटच्या आसपासचा यूपीएस लागतो.

घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का ते पाहा आणि मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंदांचा खंड पेलतो. इन्व्हर्टर दुसऱ्या मोडवर असेल तर अदलाबदलीला याहून जास्त वेळ लागू शकतो आणि पीसी रीस्टार्ट होतो.

रिलेचा स्टॅबिलायझर असेल तर त्याची टकटक ऐका. टक आवाज आणि स्क्रीनचं लुकलुकणं एकाच क्षणी होत असेल तर कारण सापडलं. स्टॅबिलायझर पायऱ्या बदलतोय आणि त्या बदलात वीज क्षणभर तुटतेय.

स्क्रीन लुकलुकते: चार चाचण्या

या चाचण्या क्रमाने करा. प्रत्येकीतून एकेक संशयित बाद होतो.

१. मॉनिटरचं बटन दाबून त्याचा स्वतःचा मेन्यू उघडा. मेन्यूही लुकलुकत असेल तर दोष मॉनिटरचा किंवा त्याला मिळणाऱ्या विजेचा. मेन्यू स्थिर आणि मागचं चित्र लुकलुकतंय, तर केबल, कार्ड किंवा ड्रायव्हर.

२. मशीन रीस्टार्ट करून बायोसमध्ये जा आणि पाच मिनिटं थांबा. तिथेही तोच प्रकार असेल तर विंडोज निर्दोष आहे. केबल, पोर्ट, कार्ड यांच्याकडे वळा.

३. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. मायक्रोसॉफ्टने स्वतः सुचवलेली ही चाचणी आहे. बाकी स्क्रीनबरोबर टास्क मॅनेजरही लुकलुकत असेल तर बहुधा डिस्प्ले ड्रायव्हर. तो स्थिर राहत असेल तर एखादं न जुळणारं ॲप.

४. केबल बदला. दुसरी केबल आणि दुसरा पोर्ट, एका वेळी एकच बदल. जुन्या एचडीएमआय १.४ ची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट, २.० ची १८, तर डिस्प्लेपोर्ट १.४ ची ३२.४. जास्त हर्ट्झचा मॉनिटर जुन्या केबलवर चालवला की चित्र मधूनच काळं होतं. डिस्प्लेपोर्टची साधी केबल दोन मीटरपेक्षा लांब घेऊ नका. आणि केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे ना, हे वाकून बघा. नवीन जोडलेल्या मशीनमध्ये ही चूक वारंवार सापडते आणि तिच्यामुळे महागडं कार्ड रिकामं बसून राहतं.

तपासताना हर्ट्झही बघा. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने जा. १४४ वर त्रास होतो आणि १२० किंवा ६० वर थांबतो, तर संशय केबलवर. फक्त गेममध्ये, लोडिंगच्या वेळी किंवा मेन्यूत उजेड कमी-जास्त होत असेल तर जी-सिंक किंवा फ्रीसिंक बंद करून पाहा. व्हीए आणि ओलेड पॅनेलवर फ्रेमचा वेग डोलू लागला की हे होतं. कोरड्या हवेत आणखी एक प्रकार घडतो. गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीवरून उठताना स्थिर विजेचा झटका सुटतो, केबल तो पकडते आणि स्क्रीन सेकंदभर काळी होते. दर वेळी उठता-बसतानाच असं होत असेल तर चांगल्या आवरणाची केबल घ्या आणि अर्थिंग दुरुस्त करा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसणाऱ्या पट्ट्या मात्र बिघाड समजू नका; त्या कॅमेऱ्यामुळे दिसतात.

ड्रायव्हर आणि विंडोज

स्क्रीन गोठली किंवा काळी झाली तर आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटनं एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडी कामं शाबूत राहतात. त्रास ड्रायव्हर अपडेटनंतर सुरू झाला असेल तर आधीची आवृत्ती परत टाका. नवं म्हणजे निर्दोष असं नसतं. २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेसोबत आलेल्या ड्रायव्हरांमुळे काळ्या स्क्रीनच्या तक्रारी जगभरातून आल्या आणि एनव्हीडियाला एकामागून एक दुरुस्त्या काढाव्या लागल्या.

ड्रायव्हर मुळापासून काढायचा असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मोफत साधन सेफ मोडमध्ये वापरा. नवी फाइल आधीच उतरवून ठेवा आणि त्या वेळी नेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज मधेच आपल्या मनाचा ड्रायव्हर टाकतं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हेही लक्षात असू द्या.

रॅम आणि डिस्क

आजच्या गेमना ८ जीबी रॅम अपुरी पडते. १६ हवी, आणि तीही शक्यतो दोन पट्ट्यांत. रायझन ५६००जी सारख्या वेगळं कार्ड नसलेल्या मशीनमध्ये ग्राफिक्सही याच रॅमवर चालतं, त्यामुळे एकाच्या जागी दोन पट्ट्या लावल्याने मोठा फरक पडतो. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी वापरायची असते. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू नसेल तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रेंगाळते.

गेम हार्ड डिस्कवर असेल तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के दिसेल. हार्ड डिस्क सेकंदाला शे-दोनशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या वर. जुन्या मशीनसाठी यापेक्षा चांगला खर्च नाही. एसएसडी काठोकाठ भरू नका, पाचवा हिस्सा मोकळा ठेवा. वारंवार लाईट जाणाऱ्या घरात क्रिस्टलडिस्कइन्फोने डिस्कची तब्येत अधूनमधून बघत चला.

जुनं कार्ड आणि इंटेलचा घोळ

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस चाललेली कार्डं जुन्या बाजारात उतरली. स्वस्तात घेतलेल्या कार्डावर रंगीत ठिपके, चौकटी, पट्ट्या दिसत असतील आणि त्या बायोसमध्येही दिसत असतील, तर कार्डाची मेमरी गेलेली असण्याची शक्यता मोठी आहे. जुनं कार्ड घेताना समोर अर्धा तास गेम चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचं २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं, बायोसवाटे मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कार्डात भरपूर मेमरी असूनही व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश येऊन गेम बंद पडणं हे त्याचं एक लक्षण. तुमचा प्रोसेसर त्यातला असेल तर बायोस अपडेट करा. अपडेट यूपीएस लावूनच करा. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

लॅपटॉप असेल तर

गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर पूर्ण वेग देत नाही, हा त्याचा दोष मानू नका. सोबत आलेला मूळ चार्जरच वापरा. कमी वॉटच्या चार्जरवर गेम मंद होणारच. गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळू नका, खालून हवा यायला हवी. झाकण उघडताना-मिटताना विशिष्ट कोनात स्क्रीन लुकलुकत असेल तर बिजागरीतली केबल झिजली आहे. ते काम कारागिराचं.

दुकानात जाण्याआधी

वॉरंटीच्या कामासाठी आपल्याला पुष्कळदा सोलापूर, लातूर किंवा पुणे गाठावं लागतं. जाण्याआधी एका कागदावर एवढं लिहून न्या: त्रास कधी होतो, कोणत्या गेममध्ये होतो, तेव्हाचं तापमान किती, व्होल्टेज किती, चार चाचण्यांत काय दिसलं, आणि कोणता बदल केल्यावर फरक पडला. हा कागद हातात असला की कारागीर अंदाजाने पार्ट बदलत बसत नाही, आणि कुणी उगाच नवं कार्ड गळ्यात मारू लागला तर तुम्हाला ठामपणे नाही म्हणता येतं.

घरातल्या मोठ्यांनाही एक विनंती. पोराने गेम खेळून मशीन बिघडवलं असं चटकन म्हणू नका. गेम खेळून चांगलं मशीन बिघडत नाही. तापलेली खोली, साचलेली धूळ आणि मेलेलं अर्थिंग यांनी बिघडतं. खर्च करायचाच असेल तर पहिले पैसे अर्थिंगला घाला, दुसरे चांगल्या एसएमपीएसला आणि तिसरे यूपीएसला. ग्राफिक्स कार्डाचा नंबर त्यानंतर. अर्थिंग नीट झालं तर कॉम्प्युटरबरोबर घरातली माणसंही सुरक्षित राहतील.